लिम्फोमा, मायक्रोआरएनए आणि वऱ्हाडातला राहून गेलेला प्रश्न

जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर गावात शेतकरी संघटनेच्या लोकांनी एचटीबीटी कापसाची सरकी जाहीरपणे टोबली. ग्लायफोसेट हे तणनाशक अंगावर पडलं तरी या सरकीची पऱ्हाटी मरत नाही, आणि या वाणाला सरकारची परवानगी नव्हती. त्या कायदेभंगाची चर्चा राज्यभर झाली. निंदणाची मजुरी, मजुरांची टंचाई, वाण निवडण्याचा शेतकऱ्याचा हक्क, बोगस बियाणं यांवर रकानेच्या रकाने भरले. त्यात मधूनच एक शब्द यायचा आणि चर्चा पुढे सरकायची. तो शब्द लिम्फोमा. पातूर, बाळापूर, अकोट, तेल्हारा, जिथे जिथे माणूस पाठीवर पंप घेऊन फवारणीला उतरतो तिथे तिथे या शब्दाची भीती पोचली. त्यामागचं शास्त्र काय, ते किती पक्कं आहे आणि कुठे अजून कच्चं आहे, हे सांगायला मात्र फारसं कुणी आलं नाही. या लेखात ते एकत्र मांडायचा प्रयत्न आहे.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. या पेशी लसिकाग्रंथींत राहतात, म्हणून मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ येते. जोडीला रेंगाळणारा ताप, अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम आणि उतरत जाणारं वजन असू शकतं. हा एकच आजार नाही, त्याचे कितीतरी प्रकार आहेत. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले नरेश, श्रीनिवास आणि सोमण यांनी २००० साली २,७७३ नॉन-हॉजकिन लिम्फोमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातलं चित्र त्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या संख्येवर दिसलं. सुमारे ७९ टक्के लिम्फोमा बी पेशी या जातीच्या लिम्फोसाइटचे होते, आणि एकट्या डिफ्यूज लार्ज बी-सेल या प्रकाराचा वाटा ३४ टक्के होता. हा प्रकार झपाट्याने वाढतो, पण ‘आर-चॉप’ या औषधयोजनेने निम्म्याहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होऊ शकतात. ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी, कारण कर्करोग म्हटलं की आपल्याकडे घरातली माणसं रुग्णाच्या आधी हात टेकतात.

आता फवारणीचं बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट, मॅलॅथिऑन आणि डायझिनॉन यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. ग्लायफोसेटच्या बाबतीत माणसांतला पुरावा नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा होता, आणि तोही मर्यादित आहे असं संस्थेनेच नोंदवलं. त्याच वर्षी लिंडेन या कीटकनाशकाला मात्र थेट पहिल्या गटात, म्हणजे ‘निश्चित कर्करोगकारक’ असं स्थान मिळालं, आणि तेही लिम्फोमाच्याच पुराव्यावर. लिंडेनचा वापर भारतात २०१३ पासून बंद आहे. ग्लायफोसेटवरचा वाद मिटलेला नाही. अमेरिकेत फवारणी करणाऱ्या ५४,२५१ जणांच्या पाहणीत २०१८ मध्ये लिम्फोमाशी संबंध सापडला नाही. पुढच्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, सर्वाधिक संपर्क आलेल्यांत धोका ४१ टक्के वाढलेला दिसला. भारत सरकारने २०२२ मध्ये ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरावं असा नियम केला. शेतात तो नियम किती पोचला, ते वऱ्हाडातल्या कुठल्याही कृषी केंद्रासमोर तासभर उभं राहिलं की कळतं.

यातून एक खोल प्रश्न निघतो. एखादं रसायन डीएनए थेट तोडत नसेल, तर ते कर्करोग घडवेल कसं? याचं एक संभाव्य उत्तर एपिजेनेटिक्सकडे आहे. डीएनएमधली अक्षरं जशीच्या तशी राहतात, पण त्यांच्यावर मिथाइल गटाच्या छोट्या रासायनिक खुणा चढतात किंवा उतरतात. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरही अशा खुणा असतात. या खुणांवर जनुक चालू की बंद हे ठरतं. पातूरजवळच्या मोरणा धरणाचा कालवा शाबूत आहे, धरणात पाणीही आहे, पण चारीचं गेट बंद असेल तर शेवटचं वावर कोरडंच राहतं. तसंच हे. जनुक बिघडलेलं नसतं, ते गप्प केलेलं असतं. आणि बंद केलेलं गेट उघडताही येतं, म्हणून या विषयात संशोधकांनी एवढा जीव ओतला आहे.

अशा खुणांनी गप्प होणाऱ्या जनुकांत मायक्रोआरएनएची जनुकंही असतात. मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे बावीस अक्षरांचे आरएनएचे तुकडे. ते स्वतः प्रथिन बनवत नाहीत, दुसऱ्या जनुकांच्या संदेशांना चिकटून त्यांची प्रथिनं बनणं कमी करतात. पहिला तुकडा १९९३ मध्ये व्हिक्टर अॅम्ब्रोस यांच्या प्रयोगशाळेत एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडला, आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने तो काम कसा करतो ते दाखवलं. बरीच वर्षं ही कृमीपुरती गंमत समजली गेली. या दोघांना २०२४ चं नोबेल मिळेपर्यंत माणसातल्या अशा शेकडो तुकड्यांची यादी तयार झाली होती. एक तुकडा अनेक जनुकांवर वचक ठेवतो, त्यामुळे तो गेला की एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी शिस्त बिघडते.

मायक्रोआरएनएचा कर्करोगाशी संबंध पहिल्यांदा जोडला गेला तो लिम्फोसाइटच्याच आजारात. २००२ मध्ये कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांच्या गटाने क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या रुग्णांत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा तपासला. हा आजार लिम्फोमाचा सख्खा भाऊ आहे. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो तुकडा गळालेला असतो, हे आधीपासून माहीत होतं. तिथे नेमकं कोणतं जनुक हरवतं ते मात्र वर्षानुवर्षं शोधूनही सापडत नव्हतं, कारण सगळे प्रथिन बनवणारं जनुक शोधत होते. तिथे होते मिर-१५ए आणि मिर-१६-१ हे दोन मायक्रोआरएनए. तीन वर्षांनी कळलं की हे दोघे बीसीएल-२ या प्रथिनाला आवर घालतात. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. आवर सुटला की मरायला हवी ती पेशी जगत राहते.

२००५ मध्ये उलट बाजूही दिसली. मिर-१७-९२ या सहा मायक्रोआरएनएच्या गटाच्या प्रती काही बी-सेल लिम्फोमांत वाढलेल्या असतात, आणि उंदरांत हा गट वाढवला की एमवायसी जनुकामुळे होणारा लिम्फोमा लवकर येतो. मिर-१५५ हॉजकिन लिम्फोमात आणि डिफ्यूज लार्ज बी-सेलच्या अधिक चिवट उपप्रकारात वाढलेला आढळतो. २००६ मध्ये तर उंदरांच्या बी पेशींत एकटा मिर-१५५ वाढवून कर्करोग घडवून दाखवण्यात आला. म्हणजे काही मायक्रोआरएनए गप्प झाल्याने घात होतो, तर काही फार बोलू लागल्याने.

गप्प होण्यामागे मिथायलेशन असू शकतं, हे २००६ मध्ये लॉस एंजलिसच्या पीटर जोन्स यांच्या गटाने दाखवलं. त्यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींना मिथाइल खुणा पुसणारं आणि हिस्टोन सैल करणारं अशी दोन औषधं दिली. झोपलेला मिर-१२७ जागा झाला आणि बीसीएल-६ हे प्रथिन खाली आलं. बीसीएल-६ हा लिम्फोमातला मोठा खलनायक, म्हणून रक्तरोगाच्या लोकांनी हा निकाल लगेच उचलला. पुढच्या पाच-सहा वर्षांत मिर-३४ए, मिर-३४बी/सी, मिर-१२४, मिर-२०३ अशी नावं एकापाठोपाठ आली. मिर-३४ए हा पेशीचा रखवालदार म्हणवल्या जाणाऱ्या पी५३ च्या हाताखाली काम करतो. मिर-१२४ पेशीविभाजनाला गती देणाऱ्या सीडीके-६ ला रोखतो.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट पोटातल्या लिम्फोमाची वाटते. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वर्षानुवर्षं राहिला, तर काही जणांना तिथे ‘माल्ट’ नावाचा संथ लिम्फोमा होतो. सुरुवातीच्या टप्प्यात नुसत्या प्रतिजैविकांनी जिवाणू घालवला तरी तो बऱ्याच रुग्णांत विरतो. कर्करोगात अशी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की या गाठींत मिर-२०३ च्या जनुकावर मिथाइल खुणा चढलेल्या असतात, त्यामुळे एबीएल-१ हे प्रथिन वाढतं आणि पेशी वाढत सुटतात. बाहेरची एक गोष्ट शरीरात मुक्काम करते, जनुकांवर खूण उमटवते आणि त्यातून रोग उभा राहतो, ही साखळी इथे बऱ्यापैकी पूर्ण दिसते. फवारणीबद्दलचा आपला प्रश्न नेमका याच साखळीचा आहे.

हिस्टोनच्या खुणांची गोष्ट गुंतागुंतीची, पण तितकीच महत्त्वाची. फ्लोरिडातल्या मॉफिट कर्करोग केंद्राच्या गटाने २०१२ मध्ये आक्रमक बी-सेल लिम्फोमातलं एक चक्र उलगडलं. एमवायसी हे बेफाम झालेलं जनुक ईझेडएच-२ आणि एचडीएसी-३ या हिस्टोनच्या खुणा बदलणाऱ्या दोन प्रथिनांना हाताशी धरून मिर-२९ बंद करतं. शिवाय ते मिर-२६ए दाबतं, त्यामुळे ईझेडएच-२ आणखी वाढतं. वाढलेलं ईझेडएच-२ मिर-४९४ ला दाबतं, आणि मिर-४९४ चा वचक गेला की एमवायसी आणखी वाढतं. असं एकमेकांना बळ देणारं दुष्टचक्र फिरत राहतं. प्रयोगात दोन्ही प्रथिनं औषधांनी एकत्र रोखली, तेव्हा मिर-२९ परत आला आणि लिम्फोमाच्या पेशींची वाढ मंदावली. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी एचटीएलव्ही-१ विषाणूमुळे होणाऱ्या टी पेशींच्या लिम्फोमात मिर-३१ जवळपास नाहीसा झालेला दाखवला, आणि तिथेही गप्प करणारं यंत्र ईझेडएच-२ चंच होतं.

विषाणूंचा उल्लेख आला म्हणून एपस्टाइन-बार विषाणूबद्दलही दोन शब्द. भारतात, विशेषतः मुलांच्या हॉजकिन लिम्फोमात, हा विषाणू पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त वेळा सापडतो. त्याच्या जनुकांतच स्वतःचे मायक्रोआरएनए आहेत. २००४ मध्ये विषाणूंतले पहिले मायक्रोआरएनए याच विषाणूत मिळाले. त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवर काढलेले निष्कर्ष आपल्या रुग्णांना जसेच्या तसे लावणं धोक्याचं आहे.

एवढं वाचून कुणाला वाटेल की उत्तर सापडलं. तसं नाही, आणि ते नीट सांगायला हवं. या विषयातले बरेचसे ठळक निकाल प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या पेशीवंशांवरचे आहेत. हाँगकाँगच्या गटाने २०१० मध्ये मिर-३४ए तपासला, तेव्हा लिम्फोमाच्या बहुतेक पेशीवंशांत तो मिथाइल खुणांनी बंद होता. प्रत्यक्ष रुग्णांच्या गाठींत मात्र हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास भरलं. काचेच्या बशीत वाढताना पेशी स्वतःच अशा खुणा जमा करतात, म्हणून बशीतलं सत्य आणि रुग्णातलं सत्य वेगवेगळं तोलावं लागतं. दुसरी अडचण कार्यकारणाची. खूण आधी की कर्करोग आधी, हे माल्टसारखी मोजकी उदाहरणं सोडली तर अजून ठरत नाही. तिसरी अडचण अशी की बहुतेक अभ्यास पंचवीस, तीस किंवा पन्नास रुग्णांचे आहेत, आणि त्यातले फारच थोडे दुसऱ्या गटाने पुन्हा करून पाहिले आहेत.

औषधांच्या बाबतीतही हिशेब असाच संमिश्र आहे. मिर-३४ए बाहेरून देणाऱ्या औषधाची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण काही रुग्णांची प्रतिकारशक्ती भडकली आणि मृत्यूही झाले. मिर-१५५ ला रोखणारं कोबोमार्सेन त्वचेच्या टी-सेल लिम्फोमात तपासलं जात होतं, ती चाचणी २०२० मध्ये कंपनीने गुंडाळली. मायक्रोआरएनएला बगल देऊन थेट खुणा लावणाऱ्या यंत्रणेवर चाल करणारी औषधं मात्र पुढे गेली. व्होरिनोस्टॅटला त्वचेच्या टी-सेल लिम्फोमासाठी अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली, आणि ईझेडएच-२ रोखणाऱ्या टॅझेमेटोस्टॅटला फॉलिक्युलर लिम्फोमासाठी २०२० मध्ये. माझं मत स्पष्ट आहे. मायक्रोआरएनएच्या अभ्यासाने रोग कसा घडतो याची समज कितीतरी वाढवली, पण औषध म्हणून तो अजून उभा राहिलेला नाही. ‘जनुकांच्या खुणा पुसणारी’ म्हणून कुणी महागडी पूड किंवा काढा विकत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

निदानाच्या बाजूला मात्र मला खरी आशा दिसते, आणि त्यासाठी महाराष्ट्राबाहेर बघायची गरज नाही. खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटाच्याच संशोधन केंद्रात नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमा या मुलांच्या मेंदूतल्या गाठीचे उपप्रकार मायक्रोआरएनए आणि काही जनुकं मोजून ओळखण्याची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. ती गाठ लिम्फोमाची नाही, पण कामाचा मुद्दा वेगळाच आहे. ही चाचणी ताज्या, गोठवलेल्या ऊतींवर अडून बसत नाही. फॉर्मेलिनमध्ये मुरवून मेणात बसवलेल्या जुन्या ब्लॉकवरही ती चालते, कारण लांब आरएनए मेणात तुटतो, पण बावीस अक्षरांचा हा तुकडा तग धरतो.

ब्लॉक म्हणजे काय ते एकदा बघायलाच हवं. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवतात, मग तिचे काप प्लास्टिकच्या छोट्या कॅसेटमध्ये ठेवून वितळलेल्या मेणात बसवतात. कॅसेटच्या कडेला पेन्सिलीने नंबर लिहिलेला असतो, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. त्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचपट्टीवर रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. उरलेला ब्लॉक कपाटात जातो. मिथायलेशन तपासायचं तर असाच एखादा काप घ्यायचा, झायलीनने मेण धुऊन डीएनए काढायचा आणि त्यावर सोडियम बायसल्फाइटची प्रक्रिया करायची. ज्या सायटोसिनवर मिथाइल खूण नाही त्याचं युरासिल होतं, खूण असलेलं तसंच राहतं. मग पीसीआरने दोन्ही वेगळे ओळखता येतात. यातलं काहीही आज वऱ्हाडाच्या आवाक्याबाहेरचं नाही, आणि पुण्याच्या एनसीसीएस आणि आयसर या संशोधन संस्थांमध्ये एपिजेनेटिक्सचं चांगलं काम झालेलं आहे.

अडचण येते ती त्याच्या खूप आधी. पातूर, आलेगाव किंवा चान्नीच्या माणसाला मानेत गाठ आली की बरेचदा आधी सुईची तपासणी होते. सुईत पेशी येतात, पण ग्रंथीची घडण दिसत नाही, आणि लिम्फोमाचा प्रकार ठरवायला ती घडण लागते. कधी खात्री न करताच क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि दोन-तीन महिने निघून जातात. कधी गाठ काढली जाते, पण ती सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये टाकून पाठवली जाते आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कामातून गेलेली असते. मग विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठलेल्या रुग्णाची तिथे पुन्हा बायोप्सी करावी लागते. ज्या देशात आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून कार-टी उपचार उभा केला, ज्याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि जो परतून आलेल्या बी-सेल लिम्फोमावर वापरला जातो, त्याच देशात फॉर्मेलिनच्या डबीअभावी निदान अडावं हे मला सहन होत नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाला हात घालू. फवारणीतल्या रसायनांमुळे वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या लिम्फोसाइटमध्ये मायक्रोआरएनएच्या जनुकांवर खुणा चढतात का? पोलंडमधल्या एका प्रयोगात २०१७ मध्ये माणसाच्या पांढऱ्या पेशी ग्लायफोसेटमध्ये ठेवल्यावर डीएनएच्या एकूण मिथायलेशनमध्ये बदल दिसला, पण तो बशीतला प्रयोग आहे, शेतातला नाही. शेतातलं उत्तर अमेरिकेत मिळणार नाही. तिथे बंद केबिनच्या ट्रॅक्टरवर बसून फवारतात, आपल्याकडे पाठीवरच्या पंपाची गळती कमरेवरून पायापर्यंत येते. यवतमाळमध्ये २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा संपर्क किती तीव्र असतो ते सगळ्यांनी पाहिलं. त्या मृत्यूंची चौकशी झाली. जे वाचले आणि अजूनही फवारतात, त्यांच्या रक्तात वर्षानुवर्षं काय साठतं, तो अभ्यास व्हायला हवा.

त्यासाठी लागणारं सगळं विदर्भातच आहे. अकोल्यातच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, कोणत्या पिकावर काय आणि किती फवारलं जातं हे तिथल्या लोकांपेक्षा चांगलं कुणाला कळणार? शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, संत तुकाराम कर्करोग रुग्णालय आहे. थोडं दूर नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि १९८० पासूनची कर्करोग नोंदणी आहे. फवारणाऱ्या आणि न फवारणाऱ्या सारख्या वयाच्या माणसांचं रक्त हंगामाआधी आणि हंगामानंतर घ्यावं. मिर-३४, मिर-१२४ आणि मिर-२०३ च्या जनुकांवरच्या खुणा मोजाव्यात. कपाटांत पडलेले लिम्फोमाचे ब्लॉक काढून, रुग्णाचा व्यवसाय त्यावर नोंदवून तेच मोजमाप करावं. निकाल ग्लायफोसेटच्या बाजूने लागला तरी चालेल, विरुद्ध लागला तरी चालेल. तो आपल्या माणसांच्या रक्तावरून लागावा एवढंच मागणं आहे.

आणि वाचकाला हात जोडून विनंती. मानेत, काखेत किंवा जांघेत आलेली न दुखणारी गाठ तीन-चार आठवड्यांत गेली नाही, तर डॉक्टरांना पूर्ण ग्रंथीच्या बायोप्सीबद्दल स्पष्ट विचारा. गाठ काढल्यावर ती फॉर्मेलिनमध्येच ठेवली आहे ना, याची खात्री करा. अहवालाबरोबर स्लाइड आणि ब्लॉकची मागणी करा, त्यावरचा नंबर लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक रुग्णालयात तो ब्लॉक सोबत न्या.